इमारत पाडण्याआधी एक तुकडा

मुंबईत इमारत तीस वर्षांची झाली की तिची संरचनात्मक तपासणी करून घेणं बंधनकारक आहे. महापालिका अधिनियमात त्यासाठी ३५३-ब हे कलमच आहे. आपण सगळे या तपासणीला ‘स्ट्रक्चरल ऑडिट’ म्हणतो. अभियंता येतो, काँक्रीटवर एक हातोडीसारखं उपकरण दाबून उसळी मोजतो, खांबातून ध्वनिलहरी सोडून आत पोकळी आहे का ते पाहतो, गंजलेल्या सळया उघड्या करून बघतो आणि शेवटी एक जाडजूड अहवाल सोसायटीच्या हाती ठेवतो. त्या अहवालात एका प्रश्नाचं उत्तर असतं. ही इमारत उभी राहील का? बऱ्याचदा उत्तर येतं की नाही, पाडा. मग विकसक येतात, करारनामे होतात, जादा चटईक्षेत्रावरून भांडणं होतात.

पण पाडली तर तिच्या अंगातून काय बाहेर पडेल? हा प्रश्न त्या अहवालात नसतो. आज मी त्याच प्रश्नाविषयी बोलणार आहे. जुन्या इमारतींतले नमुने काढायचे आणि त्यांत ॲस्बेस्टॉस आहे का ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं, हे माझं काम.

ॲस्बेस्टॉस आपल्यापैकी बहुतेकांनी हाताळलेलं आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत तिवईवर तारेची जाळी ठेवून तिच्यावर बीकर ठेवायचो, आठवतं? त्या जाळीच्या मधोमध पांढऱ्या लेपाचा गोल असायचा. तेच ते. पण शाळा सुटली की हा शब्द आपल्या बोलण्यातून जातो. छपरावर असतो तो आपल्यासाठी ‘सिमेंटचा पत्रा’. गच्चीवरून पावसाचं पाणी खाली आणणारा जाड, करडा नळ असतो, त्याला प्लंबर ‘एसी पाइप’ म्हणतात. एसी म्हणजे ॲस्बेस्टॉस सिमेंट. एका सेक्रेटरीसाहेबांनी मला फोनवर ठासून सांगितलं होतं, की आमच्या इमारतीत एकाकडेही एसी नाही, तर एसी पाइप कुठून असणार!

हा पदार्थ कारखान्यात तयार होत नाही. तो खनिज आहे, खडकात शिरा असतात तसा सापडतो. वैशिष्ट्य असं, की हा दगड कापसासारखा पिंजता येतो. पिंजत गेलं तर माणसाच्या केसाच्या हजाराव्या हिश्श्याइतका बारीक तंतू निघतो. तो जळत नाही, कुजत नाही आणि ओढला तर तुटता तुटत नाही. ग्रीक भाषेत या नावाचा अर्थच ‘न विझणारा’ असा आहे. त्याचे तीन प्रकार बाजारात मोठ्या प्रमाणावर आले. पांढरा म्हणजे क्रिसोटाइल, तपकिरी म्हणजे अमोसाइट आणि निळा म्हणजे क्रोसिडोलाइट. आपल्याकडच्या छपरांत जवळजवळ सगळीकडे पांढराच असतो. पत्र्यात त्याचं प्रमाण साधारण आठ-दहा टक्के, बाकी सिमेंट वगैरे. सिमेंट ठिसूळ असतं, त्याला हे तंतू धरून ठेवतात. स्वस्त, हलका, गंज न चढणारा आणि कुणालाही बसवता येणारा पत्रा त्यातून झाला. कौलं परवडत नव्हती किंवा दरवर्षी शाकारणी करणं जमत नव्हतं, अशा लाखो घरांवर त्यानं सावली धरली, हे मान्य करूनच पुढं बोललं पाहिजे.

इंग्लंडमध्ये निळ्या आणि तपकिरी प्रकारावर १९८५ मध्ये आणि पांढऱ्यावर १९९९ मध्ये बंदी आली. त्यामुळे तिथल्या तपासनिसाचं काम एका अर्थी सोपं असतं. इमारत २००० सालानंतरची असेल तर तो बहुधा निर्धास्त होतो. आपल्याकडे तशी रेघ नाही. ॲस्बेस्टॉसच्या खाणींना नवे पट्टे देणं सरकारनं १९८६ मध्ये थांबवलं. पण परदेशातून, मुख्यतः रशियातून, पांढरा ॲस्बेस्टॉस आणून त्याचे पत्रे करणं आणि विकणं कायदेशीर राहिलं. सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये संपूर्ण बंदीची मागणी फेटाळली. म्हणजे जमिनीतून काढायचा नाही, पण जहाजातून उतरवायचा! परिणाम असा, की ‘जुनी इमारत’ हा शब्द आमच्या कामात फसवा ठरतो. पन्नास वर्षांच्या इमारतीच्या गच्चीवर पाच वर्षांपूर्वी बसवलेला पत्राही तपासावा लागतो.

आता धोक्याविषयी. तंतू अखंड पत्र्यात सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात, तोवर ते कुणाच्या वाटेला जात नाहीत. पत्रा कापला, घासला, फोडला की ते हवेत सुटतात. डोळ्यांना दिसत नाहीत, वास येत नाही, खोकलाही लगेच येत नाही. श्वासाबरोबर फुफ्फुसाच्या अगदी तळापर्यंत गेलेले काही तंतू तिथून निघत नाहीत. शरीर त्यांना विरघळवूही शकत नाही. इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या कारखान्यात काम करणारी नेली केरशॉ ही बाई १९२४ मध्ये वारली, तेव्हा तिच्या फुफ्फुसाविषयी एका डॉक्टरनं वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. १९३० मध्ये तिथल्या सरकारी पाहणीत कामगारांच्या फुफ्फुसांना पडणारे कठीण वण नोंदले गेले. त्या आजाराला ‘ॲस्बेस्टॉसिस’ म्हणतात. फुफ्फुसाच्या कर्करोगाचा संबंध पुढे स्पष्ट झाला. आणि १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी फुफ्फुसावरच्या आवरणाच्या एका दुर्मीळ कर्करोगाचं, मेसोथेलिओमाचं, नातं निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणींशी जोडून दाखवलं. त्या रुग्णांत खाणीत कधीच न उतरलेली, नुसती त्या परिसरात वाढलेली माणसंही होती.

या सगळ्यात कळीची गोष्ट आहे ती काळाची. तंतू आत जाणं आणि आजार दिसणं यांत वीस, तीस, चाळीस वर्षांचं अंतर असतं. म्हणून १९९५ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानं ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात आदेश दिला, की प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी सुरू झाल्यापासून किमान चाळीस वर्षं, किंवा नोकरी संपल्यावर पंधरा वर्षं, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत जपली पाहिजे. आजार सिद्ध झाल्यास एक लाख रुपये भरपाईही ठरली. मुंबईतल्याच एका ॲस्बेस्टॉस गिरणीच्या कामगारांची तपासणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. तपासलेल्यांपैकी पाचांत एकाहून अधिक जणांना ॲस्बेस्टॉसिस असल्याचं तिच्यात आढळलं. ही चाळीस वर्षांची वही लक्षात ठेवा, मी पुन्हा तिच्याकडे येणार आहे.

तर जुन्या इमारतीत शोधायचं कुठं? मी गच्चीपासून सुरुवात करतो. पावसाळ्यासाठी टाकलेली पत्र्याची शेड, पाण्याची जुनी करडी टाकी, तिचं झाकण. मग लिफ्टची खोली, कारण जुन्या ब्रेकच्या अस्तरात तो असू शकतो. मग डक्ट, म्हणजे मोऱ्या-संडासांच्या मागची ती अरुंद, काळोखी बोळ. तिथले सांडपाण्याचे आणि हवेचे नळ. खाली मीटरच्या खोलीत फ्यूजच्या मागचा करडा तक्ता. जुन्या कार्यालयांत लाकडाच्या चौकटीत बसवलेल्या सपाट चादरींची दुभाजकं. फरशीवर चिकटवलेल्या व्हिनाइलच्या चौकोनी लाद्या. जुनी नाट्यगृहं आणि चित्रपटगृहं असतील तर छताखालचे आवाज शोषणारे तक्ते. आणि जिथे वाफ होती तिथे, म्हणजे गिरणी, मोठं रुग्णालय, लॉन्ड्री, अशा ठिकाणी बॉयलर आणि गरम नळांभोवतीचं वेष्टण.

या यादीत सगळ्यांचा धोका सारखा नाही. हा फरक मी समोरच्या माणसाला बोटांनी करून दाखवतो. जे दोन बोटांत चुरलं तर भुगा होतो, ते वाईट. बॉयलरचं वेष्टण, छतावर फवारलेला थर, ही त्यातली. पत्रा आणि नळ बोटांनी चुरत नाहीत, त्यांना हातोडा लागतो. म्हणून पत्र्याखाली बसलेला माणूस आणि वेष्टण सोलणारा माणूस यांना एकाच मापानं मोजू नये. मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या, त्यांच्या जागी मॉल आणि टॉवर झाले, बॉयलर भंगारात गेले. त्या बॉयलरांच्या अंगावरचं वेष्टण कुणीतरी हातांनीच सोललं असणार. तो विचार माझ्या मनातून जात नाही.

नमुना काढणं हे दिसायला अगदी किरकोळ काम आहे. अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा पुरतो. पण तो काढताना धूळ उडता कामा नये. म्हणून आधी त्या जागी साबणाचं पाणी फवारायचं. मुरू द्यायचं. मग बारीक छिन्नीनं कडेचा किंवा आधीच तडकलेल्या जागेचा तुकडा अलगद सोडवायचा, घट्ट मिटणाऱ्या एका पिशवीत आणि ती पिशवी दुसरीत. वर क्रमांक, मजला, जागा, तारीख. तुटलेल्या कडेवर रंग किंवा लांबी लावून ती बंद करायची आणि खालची जागा ओल्या फडक्यानं पुसून फडकंही पिशवीत टाकायचं. कोरडा झाडू मारायचा नाही. घरातला व्हॅक्यूम क्लीनर तर मुळीच नको. त्याची जाळी हे तंतू अडवत नाही, उलट खोलीभर उडवते. तोंडाला रुमाल बांधून काही उपयोग नसतो. चेहऱ्याला घट्ट बसणारा, बारीक कण अडवणारा मुखवटाच लागतो. हे सगळं ऐकून घरच्या घरी तुकडा काढावा असं कुणाला वाटलं, तर माझी विनंती आहे की काढू नका. आधीच तुटून पडलेला एखादा तुकडा ओला करून पिशवीत घालून ठेवा, तो पुरतो.

एकच नमुना पुरेसा नसतो. छतावर फवारलेला थर असेल तर अमेरिकेत शाळांसाठी १९८६ च्या कायद्याखाली ठरलेला नियम मी पाळतो. एक हजार चौरस फुटांपर्यंत तीन नमुने, पाच हजारांपर्यंत पाच आणि त्यापुढे सात. पत्र्यांच्या बाबतीत माझा स्वतःचा नियम आहे, की ज्या ज्या वेळी दुरुस्ती झाली असेल त्या त्या खेपेचा एक. कारण आता बाजारात ॲस्बेस्टॉस नसलेले, कृत्रिम धाग्यांचे पत्रेही मिळतात आणि वर शेवाळ चढलं की दोघे सख्ख्या भावांसारखे दिसतात. नुसतं पाहून ‘हा आहे’, ‘हा नाही’ असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मीही तसं सांगत नाही.

प्रयोगशाळेत आधी तुकडा साध्या भिंगाखाली फोडून तंतू दिसतात का ते पाहतात. सिमेंट त्यांना चिकटून बसलेलं असतं, म्हणून सौम्य आम्लानं ते काढून टाकतात. मग तंतू काचपट्टीवर एका विशिष्ट द्रवात ठेवून ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. युक्ती अशी आहे, की प्रत्येक खनिज प्रकाशाला ठरावीक प्रमाणात वाकवतं. द्रवाचं वाकवणं आणि तंतूचं वाकवणं जुळलं, की तंतूच्या कडेला ठरावीक रंग उमटतात. क्रिसोटाइल असेल तर लहरी केसांच्या बटेसारखा तंतू जांभळ्या-निळ्या रंगात झळकतो. मंच फिरवला की रंग बदलतो. निळा ॲस्बेस्टॉस सरळ, काडीसारखा असतो. कापूस, काच, गोणपाट, गुरांचे केस, नायलॉन, यांतलं काहीही फसवू शकतं. पण हे रंग, ही वळणं आणि मंच फिरवताना तंतू कोणत्या कोनात काळा पडतो, हे सगळं एकदम जुळून येणं ॲस्बेस्टॉसलाच जमतं. कित्येक वर्षं पाहूनही तो जांभळा रंग दिसला की मी क्षणभर थबकतो. फार देखणा असतो तो.

या पद्धतीला मर्यादा आहे. व्हिनाइलच्या लाद्यांत तंतू इतके बारीक दळलेले असतात, की साध्या सूक्ष्मदर्शकाला ते सापडत नाहीत. तिथे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो आणि तो महाग पडतो. म्हणून लादीचा अहवाल ‘नाही’ असा आला, तर कोणत्या पद्धतीनं ‘नाही’, ते विचारलं पाहिजे.

लोक मात्र मला वेगळंच काहीतरी सांगतात. ‘साहेब, तुकडे-बिकडे राहू द्या, हवा तपासा. हवेत नसेल तर प्रश्नच मिटला.’ ऐकायला बरोबर वाटतं. हवेच्या तपासणीत पंपानं ठरावीक लिटर हवा एका गाळणीतून ओढतात आणि गाळणीवरचे तंतू मोजतात. लांबी पाच मायक्रॉनपेक्षा जास्त, जाडी तीनपेक्षा कमी, आणि लांबी जाडीच्या तिपटीहून जास्त, असा तंतू दिसला की एक. पण या मोजणीत तंतू ॲस्बेस्टॉसचा की सतरंजीचा, ते कळत नाही. आणि मुख्य म्हणजे शांत दुपारी, पंखा बंद असताना, कुणी पत्र्याला हातही लावलेला नसताना हवेत काही सापडत नाहीच. म्हणून ‘हवा स्वच्छ’ असा कागद मिळतो आणि दुसऱ्या दिवशी मजूर हातोडा घेऊन वर चढतो. हवेची तपासणी करायची ती काम चालू असताना आणि काम संपल्यावर. इंग्लंडमध्ये ॲस्बेस्टॉस काढलेली खोली पुन्हा वापरायला देण्याआधी हवेत दर मिलिलिटरला ०.०१ तंतूंपेक्षा कमी असल्याचं दाखवावं लागतं. इमारत पाडण्याआधी तपासायचा तो तुकडाच.

उपनगरातल्या एका सोसायटीचं सांगतो. १९६८ सालची इमारत, तळमजला अधिक चार. पुनर्विकासाचा करार झालेला, निम्मे लोक भाड्याच्या घरात गेलेले. तिथल्या एक सभासद रसायनशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका. सगळे त्यांना ‘बाई’च म्हणत. सभेत बाईंनी विचारलं, ‘पाडताना या नळांची धूळ शेजारच्या बालवाडीत जाणार, ती कसली असेल ते पाहिलंय का कुणी?’ कुणी पाहिलं नव्हतं. ‘इतकी वर्षं राहिलो, काही झालं का?’ असं एक-दोघे म्हणाले. बाई हटल्या नाहीत. शेवटी, पाडकाम लांबणार नसेल तर तपासा, असं ठरलं.

मी चौदा नमुने काढले. भिंतींच्या गिलाव्यात काही नव्हतं. गच्चीवरच्या शेडचे निम्मे पत्रे ॲस्बेस्टॉसचे, निम्मे नव्हते. मीटरमागचा तक्ता ॲस्बेस्टॉसचा निघाला. आणि डक्टमधले सगळे नळ, वरपासून खालपर्यंत. पाडकामाचा कंत्राटदार समंजस माणूस होता. त्याचा मुकादम मात्र हसला. म्हणाला, ‘साहेब, वीस वर्षं आम्ही हेच फोडतोय. कुणाला काय झालंय?’ मी विचारलं, ‘वीस वर्षांपूर्वी तुमच्याबरोबर होते ते आता कुठं असतात?’ तो जरा थांबला. ‘कोण कुठं, कोण कुठं. गावाला गेले असतील.’

पत्र्यांचं काम नीट झालं. बोल्ट कापून, पाणी मारून, अख्खे पत्रे दोरीनं खाली उतरवले, प्लास्टिकमध्ये गुंडाळले. तक्ताही तसाच निघाला. डक्टचं काम शेवटी ठेवलं होतं, कारण आत माणूस कसाबसा मावतो. मे महिना संपत आला, आभाळ भरून येऊ लागलं आणि पावसाआधी जमीन मोकळी हवी म्हणून वरून घाई झाली. मी एका सकाळी गेलो तर नळ वरच्या मजल्यावरून हातोड्यानं फोडून डक्टमध्ये सोडून दिलेले. खाली कमरेइतका ढीग. दोन बाया घमेल्यांत तुकडे भरत होत्या, पदर नाकावरून मागं गाठ मारलेला, डोक्यावर, भुवयांवर करडी पूड. काम थांबवलं. ढिगाऱ्यावर पाण्याची नळी सोडली, बायांना बाहेर काढून हातपाय, केस धुवायला लावले, कपडे बदलायला लावले. उरलेलं काम मुखवटे घालून ओल्यानं झालं. बालवाडीला सुट्टी होती, तेवढं एक बरं.

मी मुकादमाला त्या बायांची नावं विचारली. त्यानं हजेरीची वही दाखवली. तिच्यात ‘बाई १’, ‘बाई २’ असं होतं. पुढच्या आठवड्यात त्या दुसऱ्या साइटवर गेल्या. कारखान्यातल्या कामगारासाठी चाळीस वर्षांची वही ठेवायला न्यायालयानं सांगितलं. या दोघींची वही आठ दिवसांची होती.

इथं मला एका जहाजाची आठवण होते. ‘क्लेमांसो’ ही फ्रान्सची विमानवाहू युद्धनौका २००५ च्या शेवटी अलंगला तोडायला निघाली. तिच्यात ॲस्बेस्टॉस किती उरलंय, यावरून सर्वोच्च न्यायालयात वाद झाला, आकडे जुळेनात, वर्तमानपत्रं भरली आणि फेब्रुवारी २००६ मध्ये फ्रान्सच्या अध्यक्षांनी ती परत बोलावली. पुढे ती इंग्लंडमध्ये तोडली गेली. एका जहाजाच्या पोटात काय आहे हे मोजण्यासाठी दोन देशांची सरकारं कामाला लागली. आपल्या शहरांत दर महिन्याला कितीतरी इमारती पाडल्या जातात आणि पाडकामाच्या कागदपत्रांत ॲस्बेस्टॉसचा रकाना भरलेला मी अजून पाहिलेला नाही. माझं स्पष्ट मत आहे, की तीस वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं करणाऱ्या यंत्रणेला त्याच अहवालात हे एक पान वाढवणं मुळीच जड जाणार नाही. अभियंता तसाही गच्चीवर चढतोच, डक्टमध्ये वाकतोच.

शहराबाहेर हा प्रश्न निराळा होतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा घरांची, शाळांची छपरं उडाली. सिमेंटचे पत्रे वाकत नाहीत, फुटतात. अंगणात, नारळी-पोफळीच्या वाड्यांत तुकड्यांचे खच पडले. अशा वेळी माणसं जे करतात ते स्वाभाविक असतं. मोठा तुकडा कोंबड्यांच्या खुराड्यावर, बारीक तुकडे चिखलाच्या वाटेत भरीला. पण वाटेवर टाकलेला तुकडा पायांखाली, गाडीखाली वर्षानुवर्षं दळला जातो. त्यापेक्षा तुकडे ओले करून, न फोडता, जाड प्लास्टिकमध्ये बांधून एका कोपऱ्यात झाकून ठेवणं बरं. जाळात टाकू नयेत. आगीत हा पत्रा फटाक्यासारखा फुटतो. टाकून दिलेल्या ॲस्बेस्टॉसचा समावेश घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांच्या यादीत आहे आणि असा कचरा घेणारी केंद्रं तळोज्यासारख्या ठिकाणी आहेत. पण ती कारखान्यांच्या सोयीची. दापोलीच्या किंवा श्रीवर्धनच्या शेतकऱ्यानं दहा फुटके पत्रे घेऊन तिथवर जावं, ही अपेक्षा कुणी करू नये. तालुक्याला एक बंदिस्त कंटेनर, एवढी सोय जिल्हा परिषदेला करता येईल.

ज्यांच्या घरावर आज पत्रा आहे, त्यांनी घाबरून तो उद्या काढायला घेऊ नये. धड असलेला पत्रा जागेवर असणं हे घाईनं काढण्यापेक्षा बरं. त्यावर शेवाळ चढलं म्हणून तारेच्या ब्रशनं खरवडू नका, पाण्याचा जोरदार फवारा मारू नका. वरून रंगाचा जाड हात दिला तर कडा बांधल्या जातात. सर्वांत वाईट काम म्हणजे धुराड्यासाठी किंवा केबलसाठी पत्र्याला ग्राइंडरनं भोक पाडणं. ते करणाराही बहुधा गल्लीतला ओळखीचा पोरगाच असतो. आणि तो धुरळा भरलेला शर्ट घरी जातो, त्याची आई किंवा बायको तो झटकून धुते. परदेशातल्या रुग्णांच्या नोंदींत असे कपडे धुणाऱ्या बायका आहेत.

सोसायट्यांसाठी एक करता येण्यासारखी गोष्ट आहे. इंग्लंडमध्ये २००४ पासून, राहत्या घरांखेरीज इतर इमारतींत, ॲस्बेस्टॉस कुठं आहे याची नोंदवही ठेवणं ही इमारत सांभाळणाऱ्याची जबाबदारी आहे. दुरुस्तीला येणाऱ्या माणसाला ती आधी दाखवायची. आपल्याकडे सक्ती नसली तरी सोसायटीच्या फायलीत असं एक पान ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही. कोणता नळ, कोणती शेड, कोणता तक्ता, कधी तपासला, काय निघालं. प्लंबर आला की सेक्रेटरीनं ते पान त्याच्यासमोर धरायचं आणि सांगायचं, की बाबा, हा नळ कापू नकोस, सांध्यातून सोडव, आणि आधी पाणी मार. पुनर्विकासाचा करार करताना तेच पान विकसकाच्या करारनाम्याला जोडायचं, पाडकामाच्या खर्चात ते काम वेगळं दाखवायला लावायचं आणि ते काम पावसाच्या तोंडावर शेवटी न ठेवता सर्वांत आधी करून घ्यायचं. त्याच करारात आणखी एक ओळ लिहून घेता येते, की या कामावर येणाऱ्या प्रत्येक मजुराचं पूर्ण नाव, गाव आणि कामाचे दिवस वहीत लिहिले जातील आणि त्या वहीची एक प्रत सोसायटीकडे राहील. ही ओळ घालायचं बाईंनीच सुचवलं. तेव्हापासून मी माझ्या प्रत्येक अहवालाच्या शेवटी ती छापतो. आतापर्यंत तीन सोसायट्यांनी ती करारात घेतली आहे.